नाटकाच्या सुती पडद्यांना आग धरू नये म्हणून नैसर्गिक काही करता येतं का?

विंगेतला_सांगली

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती.

आमची तालुक्याच्या गावात हौशी नाट्यसंस्था आहे, वर्षाला एक मोठं नाटक, जत्रेत एक प्रयोग आणि मे महिन्यात पोरांचं बालनाट्य शिबिर असं चालतं. पडदे सगळे सुती, मांजरपाटाचे. मागचा पडदा, चार विंगा आणि वरची झालर मिळून साठेक मीटर कापड भरेल. गेल्या जत्रेत दुसऱ्या अंकात झालरीचं एक टोक सुटून हजार वॅटच्या हॅलोजनवर लोंबत होतं, कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी विंगेत उभा होतो, मला आधी वास आला, इस्त्री जास्त वेळ टेकवून ठेवली की येतो तसा, वर बघतोय तर तळहाताएवढं कापड तपकिरी झालेलं आणि मधोमध भोक पडून त्याच्या कडेने लाल रेघ पळतेय. आमच्या लाइटवाल्या पोराने शिडीबिडी न शोधता थेट झालरच ओढून खाली पाडली आणि चपलेने विझवली म्हणून निभावलं. समोर पहिल्या तीन रांगांत शाळेतली पोरं मांडी घालून बसलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा आम्ही पाचसहा जण दुसऱ्या दिवशी जाऊन लांबून बघून आलो होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथेच बघितलेलं. तेव्हापासून आग म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि तरीही आमच्याच हातून ही झालर सुटली याचं फार वाईट वाटतं.

तर आता पडद्यांना काहीतरी लावायचंच असं ठरलंय. एका दुकानदाराकडे विचारलं तर त्याने एक कॅन दाखवला पण आत काय आहे ते त्यालाही सांगता येईना, आणि आमच्याकडे शिबिराला लहान पोरं पडद्यात गुंडाळून खेळतात, एका मुलीला दमा आहे, त्यामुळे कशाचंही पाणी मारायला मन धजत नाही. कुणी म्हणतं तुरटीच्या पाण्यात बुडवा, कुणी म्हणतं टाकणखार (बोरॅक्स), आणि एकाने सांगितलं की केळीच्या खोडाच्या पाण्याने कापड जळत नाही. यातलं खरं काय? रंग बदलतो का, धुतल्यावर राहतं का, मागच्या पडद्यावर रंगवलेला वाडा आहे त्याचं काय करायचं? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

रंगारी_इचलकरंजी

दादा, मी सव्वीस वर्षं प्रोसेस हाऊसमध्ये काढलीत, ब्लीचिंग, डाइंग, फिनिशिंग सगळं बघितलंय, त्यामुळे जेवढं ठाम माहीत आहे तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे केळीच्या खोडाची गोष्ट खरी आहे. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, आमच्या धंद्यात सगळे सिरकॉट म्हणतात, तिथल्या लोकांनी त्यावर रीतसर काम करून छापलंय. कापड आधी टॅनिक अ‍ॅसिड आणि तुरटीत मुरवून घ्यायचं आणि मग केळीच्या खोडाचा रस अल्कली (सोडा-चुन्यासारखं, आम्लाच्या उलट) घालून लावायचा, अशी त्यांची पद्धत. त्याचं मोजमाप समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्या हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. साधं सुती कापड १८ टक्के ऑक्सिजन असला तरी जळत राहतं, म्हणून तर साध्या हवेत एकदा धरलं की शेवटपर्यंत जातं. लोकरीला २५ च्या आसपास लागतो म्हणून घोंगडीवर निखारा पडला तर भोक पडतं पण घोंगडी पेटत नाही. केळीचा रस लावलेल्या सुती कापडाचा आकडा त्यांना ३० मिळाला. म्हणजे साध्या हवेत ज्वाला धरून राहणार नाही. पण नीट वाचा, ज्वाला राहत नाही असं म्हणतोय मी. कापड धुमसत जातंच, फक्त अगदी हळू, मिनिटाला साडेसात मिलिमीटर, नुसत्या कापडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने. तुम्ही झालरीवर जी लाल रेघ पळताना बघितली ना, ती.

आता हे होतं कसं. कापड स्वतः जळत नाही, तापलं की त्यातून जळाऊ वायू निघतो आणि तो वायू जळतो. फॉस्फेट, सल्फेट, बोरेट असले क्षार कापडात मुरलेले असले की कापड वायू सोडायच्या आधीच, कमी तापमानाला, आतलं पाणी सोडून कोळसा होऊन बसतं. वायूच कमी निघाला तर ज्वालेला खायला काय मिळणार. केळीच्या रसात पोटॅश, मॅग्नेशियम, फॉस्फेट हे सगळं आयतंच असतं, म्हणून तो चालतो. टाकणखार आणि बोरिक वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात. तुरटीच्या खड्यात तर रेणूमागे बारा रेणू पाणी बांधलेलं असतं, तापली की ते सोडते, पण नुसत्या तुरटीवर अवलंबून राहू नका, एकटी कमी पडते आणि आम्ल असल्यामुळे दिव्याच्या उष्णतेने हळूहळू कापड कुजवते.

हे काही आजचं खूळ नाही बरं का. १७३५ साली इंग्लंडात तुरटी, टाकणखार आणि हिराकस यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं गेलंय. आणि १८२१ साली फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने (गॅसच्या नियमावाला तोच) अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं तागाच्या-लिननच्या कापडावर करून दाखवली, आणि कशासाठी, तर तिथल्या राजाला थिएटरचे पडदे पेटण्याची काळजी होती म्हणून. तुमचाच प्रश्न, दोनशे वर्षांपूर्वीचा.

धुण्याचं सांगायचं तर यातलं काहीही धुतल्यावर राहत नाही. हे क्षार पाण्यातून गेले तसे पाण्यातूनच निघून जातात. धुऊन टिकणारी ट्रीटमेंट कारखान्यातच होते, त्याला अमोनियाची बंद चेंबर लागते, घरी होणारी नाही. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, कापड धुणार आहात का? पडदा धुवायचा नसेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

केळीवाला_रावेर

भाऊ, रस पाहिजे तेवढा देतो, येऊन घेऊन जा! आमच्या रावेर-यावल भागात घड काढला की खोड बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला टाकतात, सडतं, वास मारतं. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने या खोडाच्या पाण्यापासून पिकाला द्यायचं द्रवखत केलंय, ते ऐकून होतो, कापडाचं मला इथेच पहिल्यांदा कळलं तीन वर्षांपूर्वी, मग मी पण करून बघितलं.

खोड जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. बाहेरची वाळकी सोपटं काढून टाकायची, आतल्या पांढऱ्या भागाच्या उभ्या पट्ट्या करायच्या आणि उसाच्या रसवंतीच्या चरख्यातून काढायच्या. आमच्या बसस्टँडवरच्या रसवंतीवाल्याला सीझन संपल्यावर शंभर रुपये दिले, त्याने नंतर चरखा दोनदा गरम पाण्याने धुतला. रस निघतो तेव्हा पाण्यासारखा पांढुरका असतो, अर्ध्या तासात गुलाबीसर, संध्याकाळपर्यंत चहासारखा आणि दुसऱ्या दिवशी नाकाला फडकं बांधावं लागतं. म्हणून त्याच दिवशी वापरायचा, साठवायचा नाही. जुने कपडे घालून करा, केळीचा डाग काय असतो ते आमच्या घरात विचारा, माझ्या एका पण बंडीवरचा अजून गेला नाही.

मी काही टॅनिक अ‍ॅसिड-तुरटी केलं नव्हतं, नुसतं जुनं धोतर फाडून पट्ट्या रसात रात्रभर ठेवल्या. सुकल्यावर एक साधी आणि एक रसाची अशा दोन पट्ट्या खिळ्याला टांगून खालून काडी लावली. साधी पट्टी वरपर्यंत गेली, मी तीन पावलं मागे सरकेपर्यंत संपली. रसाचीने पेट घेतला पण अर्ध्यात ज्वाला बसली आणि मग नुसती धूर सोडत काळी होत गेली. म्हणजे नुसत्या रसानेही फरक पडतो पण भरवसा ठेवण्याएवढा नाही असं माझं मत झालं.

हिरडा_बेहडा

दादा, मी नैसर्गिक रंगाचं काम करते, खादीवर. रंगारी काकांनी टॅनिक अ‍ॅसिड आणि तुरटी म्हटलं ते आमच्याकडे रोजचंच आहे, आम्ही टॅनिक अ‍ॅसिडच्या जागी हिरडा वापरतो. पण त्याच्याही आधीची एक पायरी कुणी सांगितली नाही आणि तिथेच सगळ्यांचं फसतं म्हणून लिहिते.

नव्या मांजरपाटाला खळ असते. हाताला कडक लागतो, पाण्याचा थेंब टाकला तर मण्यासारखा वर बसून राहतो. अशा कापडात रस काय आणि मीठ काय, काहीच आत जाणार नाही, वरवर बसेल आणि सुकल्यावर झटकलं की पडेल. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, पाणी पिवळंजर्द निघेल, ते टाकून पुन्हा स्वच्छ पाण्यात खळबळा. सुकल्यावर परत थेंब टाकून बघा, टाकताक्षणी पसरून आत गेला पाहिजे. नाही गेला तर पुन्हा उकळायचं, इथे आळस केला तर पुढची सगळी मेहनत वाया.

मग हिरड्याची पूड रात्रभर कोमट पाण्यात भिजवून गाळून त्यात कापड घोळवायचं, पिळून सावलीत सुकवायचं, मग तुरटीच्या पाण्यातून, मग रस. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं टब घ्या, लोखंडी घमेलं किंवा गंजका ड्रम अजिबात नको, हिरडा लोखंडाला लागला की शाईसारखा काळा होतो, माझा एकदा बारा मीटरचा तागा एका गंजक्या कडीने गेला, कडी जिथे जिथे लागली तिथे काळे चांद.

रंगाबद्दल, पांढरं काही राहणार नाही, हिरड्याने पिवळसर आणि केळीच्या रसाने तपकिरी, मिळून खाकीसारखं काहीतरी येतं. नाटकाच्या विंगांना मला तर तो रंग छान वाटेल, दिव्यात डोळ्यावर येत नाही. पण पांढराच पडदा पाहिजे असेल तर ही वाट सोडा.

शहाळ्याच्या कवचाचा आणि डाळिंबाच्या सालीचा अर्क घेऊनही माटुंग्याला असे प्रयोग झालेत, तिकडे इटलीत तुरिनच्या विद्यापीठात दुधातल्या केसिनवर झालेत, केसिनमध्ये फॉस्फरस असतो म्हणून. कोंड्यातल्या फायटिक अ‍ॅसिडवरही बरंच चाललंय. वाचायला फार आवडतं मला हे सगळं, पण साठ मीटर पडद्याला तुम्ही दूध लावावं असं मी सांगणार नाही, पावसाळ्यात काय वास येईल आणि किती झुरळं-उंदीर येतील.

अग्निशमन_निवृत्त

सर्व माहिती चांगली चाललीय पण मी नोकरीत असताना मंडप तपासायला जायचो म्हणून दोन शब्द. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवालीला शाळेच्या स्नेहसंमेलनात मंडप पेटला, काही मिनिटांत चारशेच्या वर माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ते शिकवायचे आणि प्रत्येक वेळी वर्गात शांतता व्हायची. म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलात याचंच मला समाधान वाटलं.

तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक आहे, आय एस ८७५८. त्यात कापडाला लावायचं द्रावण दिलेलं आहे आणि ते कुणालाही करता येतं. वजनाने अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २ भाग, टाकणखार १, बोरिक अ‍ॅसिड १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. दहा लिटर पाण्याचा हिशोब करून देतो, अमोनियम सल्फेट साधारण १ किलो १५० ग्रॅम, कार्बोनेट ५७० ग्रॅम, टाकणखार आणि बोरिक प्रत्येकी २८५ ग्रॅम, तुरटी ५७० ग्रॅम. मांजरपाट मीटरला दीडशे ग्रॅम धरला तर तुमचं साठ मीटर नऊ किलो होतं आणि पिळल्यावर कापड साधारण आपल्या वजनाएवढं पाणी धरतं, म्हणजे दहा लिटरची एक खेप पुरावी, थोडं उरेल.

करताना एक होतं त्याने घाबरू नका. तुरटी आणि कार्बोनेट एकत्र आले की भसाभस फेस येतो आणि पांढरा चोथा तयार होतो. भांडं दुप्पट मोठं घ्या, तुरटी थोडी थोडी घाला, ढवळत राहा. अमोनियाचा वास डोळ्यात जातो म्हणून उघड्यावर करा, आणि त्या दम्यावाल्या मुलीला त्या दिवशी आसपास सुद्धा येऊ देऊ नका. कापड पूर्ण सुकून दोन दिवस वाऱ्यावर राहिलं की वास जातो.

हे नैसर्गिक आहे का म्हणाल तर तुरटी आणि टाकणखार खनिजच आहेत, आपल्याकडे लडाखमध्ये पुगा खोऱ्यात टाकणखार जमिनीवर सापडतो, पण अमोनियम सल्फेट कारखान्यातलं खत आहे. मला विचाराल तर समोर पोरं बसणार आहेत, जे जास्त भरवशाचं ते लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे फक्त सुती कापडाला. झालर सुती आहे म्हणता पण झालरीची लेस, गोंडे, सॅटिनची पट्टी बहुतेक पॉलिस्टर असते. एक धागा काढून जाळून बघा, कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, आक्रसून कडक काळी गोळी झाली म्हणजे पॉलिस्टर. पॉलिस्टरवर या मिठांचा उपयोग नाही, ते वितळून थेंब थेंब खाली पडतं, खाली माणूस असला तर कातडीला चिकटतं. ती लेस काढूनच टाका.

मीरा_ठाणे

विषय थोडा वेगळा आहे पण विचारते, माझ्या सासूबाई सुती गाऊन आणि पातळ ओढणी घेऊन गॅसजवळ असतात, वय ७४, मागच्या महिन्यात ओढणीचं टोक बर्नरवर गेलं होतं, नशिबाने मी तिथेच होते. गाऊन टाकणखाराच्या पाण्यात बुडवला तर चालेल का? आणि बाळाच्या दुपट्यांना?

रंगारी_इचलकरंजी

मीराताई, नाही, दोन्हीला नाही. एक तर गाऊन रोज धुतला जाणार, पहिल्याच धुण्यात सगळं गेलं आणि तुम्हाला मात्र वाटत राहणार की लावलंय. दुसरं, बोरिक आणि टाकणखार रोज घामाच्या अंगाला घासत ठेवायची वस्तू नाही. कॅरमच्या बोर्डावर आपण बोरिक पावडर लहानपणापासून फुंकत आलोय म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण युरोपात बोरिक अ‍ॅसिडला २०१० पासून प्रजननावर परिणाम करणाऱ्या काळजीच्या रसायनांच्या यादीत घातलंय. बाळाचं दुपटं तर ते तोंडातच घालणार.

आईंसाठी एवढंच करा, स्वयंपाक करताना ओढणी काढून ठेवायची, गाऊनच्या बाह्या कोपराच्या वर आणि अंगाबरोबर बसणाऱ्या शिवून घ्यायच्या, वरून जाड सुती एप्रन मागून बांधायचा. जाड घट्ट विणीचं कापड पेट घ्यायला वेळ लावतं, पातळ आणि झिरझिरीत कापड धडाधड जातं, आणि घोळदार असलं तर पुढे लोंबतं. बर्नर पुढच्यापेक्षा मागचा वापरायची सवय लावा.

मीरा_ठाणे

पटलं काका. आज संध्याकाळीच शिंप्याकडे जाते दोन गाऊन घेऊन.

विंगेतला_सांगली

मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफ करा पण करूनच आलोय.

आधी पट्ट्या केल्या. एकाच ताग्यातून चार बोटं रुंद आणि हातभर लांब अशा वीस पट्ट्या, हिरडाताईंनी सांगितल्याप्रमाणे सोड्यात उकळून. पहिल्या उकळीनंतरही थेंब आत जाईना, दुसऱ्यांदा उकळल्यावर गेला. ताई, तुमचे खरंच आभार, ही पायरी आम्ही केलीच नसती. पाच पट्ट्या साध्या, पाच नुसत्या तुरटीच्या, पाच हिरडा-तुरटी-केळीच्या, पाच साहेबांच्या मंडपवाल्या द्रावणाच्या. केळी आमच्याकडेही आहेत थोड्या, रस गावातच मिळाला आणि चुन्याची निवळी घालून अल्कली केला. शाळेच्या मैदानावर, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून, पट्टी तारेला टांगायची आणि खालच्या काठाला बारा मोजेपर्यंत मेणबत्ती धरायची.

साध्या पट्ट्या बारा मोजायच्या आतच वरपर्यंत गेल्या. तुरटीच्या पट्ट्या जराशा सावकाश, पण पाचच्या पाच पूर्ण जळाल्या, म्हणजे काका म्हणाले तेच. केळीच्या पट्ट्यांवर ज्वाला मेणबत्ती काढल्यावर थोड्या वेळात विझली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही पुढच्या पट्टीकडे वळलो. पाच-सात मिनिटांनी एकाने ओरडून दाखवलं, विझली म्हणून सोडलेल्या पट्टीवर मुंगीएवढा लाल ठिपका कडेकडेने चढत होता, जवळ कान नेला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती, आणि जिथून तो गेला तिथे करड्या राखेची जाळी उरत होती, कापडाची वीण तशीच दिसत होती पण बोट लावलं की पडायची. जवळजवळ पाऊण हात वर गेला तो. हे बघून सगळेच गप्प झालो. प्रयोग संपवून आपण पडदे घडी घालून पेटीत ठेवतो आणि कुलूप लावून घरी जातो.

मंडपवाल्या द्रावणाच्या पट्ट्या मेणबत्ती होती तिथे काळ्या झाल्या, बोटभर, आणि मेणबत्ती बाजूला केली की तिथेच थांबल्या. लाल ठिपका एकावरही राहिला नाही, पाणी न मारता अर्धा तास बघत बसलो होतो.

त्यामुळे झालर, विंगा आणि मागचा पडदा सगळ्याला तेच केलं. केळीचं मन लागलं होतं खरं सांगायचं तर, गावातल्या गावात फुकट मिळणारी गोष्ट आणि रंगही सुंदर आलेला, हिवाळ्यातल्या गवतासारखा. ते कापड आता तालमीच्या खोलीत खिडकीला लावलंय, जिथे दिवाही नाही आणि चूलही नाही.

अडचणी आल्या त्या पण लिहितो. फेस टबाबाहेर आला, तुरटी एकदम ओतली म्हणून, माझीच चूक. रंगवलेल्या वाड्याचा पडदा बुडवता येईना कारण डिस्टेंपर पाण्याने सुटतं, मागून फवारणीच्या पंपाने मारलं तरी तुळशीवृंदावनाच्या जागेचा रंग पुढे ओघळला. शेवटी तो पडदा बाद केला, नवं कापड आधी द्रावणातून काढून सुकवून मग त्यावर वाडा पुन्हा रंगवला. आमचे पेंटर तात्या ६८ वर्षांचे, एक शब्द न बोलता दुसऱ्यांदा रंगवून दिला. झालरीची लेस जाळून बघितली, गोळी झाली, काढून टाकली. हॅलोजन आणि कापड यात आता हातभर तरी अंतर राहील अशी दोरी बांधली आणि दोन हॅलोजनच्या जागी एलईडी आणले.

एक विचारायचं राहिलं. परवा आभाळ आलं तर काळ्या विंगांना पांढरी भुकटी फुटल्यासारखी दिसतेय आणि कापड ओलसर लागतंय. हे निघून चाललंय का?

अग्निशमन_निवृत्त

निघून नाही चाललंय. हे क्षार दमट हवेत पाणी ओढतात आणि परत कोरडं झालं की वर फुटतात, मिठाच्या बरणीसारखं. हलक्या हाताने कोरडा ब्रश फिरवा, ओलं फडकं नको. टाचण्या, हुक, कड्या लोखंडी असतील तर त्या गंजतील आणि गंजाजवळचं कापड आधी फाटेल, पितळी किंवा प्लास्टिकच्या घाला. पडदा पावसात भिजला किंवा कुणी धुतला तर ट्रीटमेंट नव्याने करायची. भिजला नाही तरी दर मोसमाच्या आधी काठाची एक पट्टी कापून तीच बारा अंकांची मेणबत्ती धरा. म्हणून पुढच्या वेळी शिवताना काठाला हातभर जादा कापड ठेवा, दर वर्षी तपासायला.

पट्ट्यांचं तुम्ही फार नीट केलंत. विझल्यावर पुढे बघत बसलात ते विशेष.

रंगारी_इचलकरंजी

आणि दादा, कापडाची ताकद पण बघत जा. सल्फेट आणि तुरटी दोन्ही दिव्याच्या उष्णतेत आम्लाकडे जातात, दोन-तीन वर्षांनी काठ हातात धरून ओढून बघा, कागदासारखा टरकला तर पडदा बदलायचा, जोडून शिवायचा नाही. लाल ठिपक्याचं उत्तर फॉस्फेटमध्ये आहे, धुमसणं तेच सगळ्यात चांगलं थांबवतं. ठिबकवाले बारा-एकसष्ट देतात ना पिकाला, ते मोनो अमोनियम फॉस्फेटच असतं, पाण्यात पूर्ण विरघळणारं. केळीच्या रसावर शेवटचा हात त्याच्या पाण्याचा दिला तर तो ठिपका राहतो का बघायला मला आवडेल. तुमच्या हिवाळी गवताच्या रंगाच्या पट्ट्या उरल्या असतील तर करून बघा, सोबत एक नुसती ठेवा.

विंगेतला_सांगली

तीन पट्ट्या उरल्यात काका. रविवारी करतो आणि इथेच लिहितो. द्राक्षबागेवाल्या मामांकडून बारा-एकसष्ट आणायला पोरगं आत्ताच पाठवलं.

केळीवाला_रावेर

मी पण करतो रविवारीच, माझ्याकडे दोन्ही आहे. दोघांचं जुळतंय का बघू.